चाखून बघणारा हिराजी

गायीचं खाणं आधी स्वतःच्या जिभेवर ठेवणारा माणूस तुम्ही बघितला नसेल. मी रोज बघतो. हिराजी माझ्या गोठ्याच्या दारात चपला काढतो, देवळाबाहेर काढाव्यात तशा, आणि गव्हाणीतली भिजवलेली पेंड चिमूटभर तोंडात टाकतो. डोळे मिटतो. मग निकाल देतो, "मीठ कमी हाय, तात्या." बरं, थुंकतही नाही. गिळतो.

मी एकदा म्हटलं, "उद्या शेण चाखशील."

"शेन वासावरनंच समजतं," म्हणाला.

या माणसाकडे स्वतःची एक शेळीसुद्धा नाही. पूर्वी गोठा भरलेला होता. विरारच्या अंगाला जमीन होती, तिथे आता बिल्डिंग उभी आहे आणि तिच्याच तिसऱ्या माळ्यावर हिराजी मुलाकडे राहतो. सकाळ झाली की कापडी पिशवीत पत्र्याचा डबा घालून रिक्षाने आमच्या चांदीप गावात हजर. डब्यात मिनरल मिक्श्चर. राखेसारखी पावडर असते, गाभण गायीला पेंडीत कालवून द्यायची. त्याच्या सुनेने एकदा त्या पावडरने भांडी घासली. हिराजी आठवडाभर तिच्याशी बोलला नाही. भांडी मात्र लखलखीत निघाली, हे तोच सांगतो.

त्याचा प्रश्न एकच. "पोटात असताना आईला काय घातलं?" कोणाचं वासरू लंगडलं, हा प्रश्न. कोणाचं पोर दहावीला आपटलं, हाच प्रश्न. माझ्या भाचीच्या लग्नात नवरदेव जरा फेंगडा चालत होता, तर हा भर पंगतीत वरमाईसमोर उभा. "बाय, हा पोटात असताना तुमाला खायला काय घातलं व्हतं?" त्या बाईच्या हातातला घास हातातच राहिला. मी दंडाला धरून त्याला बाहेर ओढला, तरी पायरी उतरताना म्हणतो, "कॅल्शियमच कमी पडलं असंल."

माझी बायको त्याचं सगळं ऐकून घ्यायची. तो आला की चहा टाकायची. तो फॉस्फरस, जस्त, तांबं असं काय काय सांगत बसायचा, ही हं हं करत शेण काढायची. मी म्हणायचो, तुला यातलं काय समजतं? ती म्हणायची, "त्याच्या घरी कोण ऐकतं त्याचं?"

ती होळीच्या आधी गेली.

गोदी तिची गाय. मागच्या वेताला गोदीची पाडी उभीच राहिली नाही. पाय लटपटायचे, आचळ ओढायची ताकद नव्हती. दुसऱ्या दिवशी संपली. बायकोने तेव्हा जेवणच टाकलं होतं. गोदी परत गाभण राहिली, तोवर हिने अंथरूण धरलेलं. पडल्यापडल्या म्हणायची, "या टायमाला वासरू उभं राहिलेलं बघू दे." ते काही तिला मिळालं नाही. म्हणून मी हिराजीला गोठ्यात येऊ देत होतो. नाहीतर डब्यासकट रस्त्यावर घातला असता.

गोठ्यात दोरीवर तिची साडी आहे. धार काढताना नेसायची ती, विटलेली हिरवी. मुलगी म्हणाली, देऊन टाकू. मी म्हटलं, हात लावू नकोस. एक दिवस बघतो तर गोदी त्या साडीचा पदर तोंडात धरून चघळतेय. मला भरून आलं. मुक्या जनावरालासुद्धा तिची आठवण येते, असं मी हिराजीला सांगितलं.

त्याने पदर उलटासुलटा करून बघितला. "आठवन-बिठवन काय नाय. फॉस्फरस कमी हाय. कमी पडला का गाय कापड खाते, भिंत चाटते."

"हिराजी, जिभेला काही लगाम?"

"लगाम घोड्याला, तात्या. गायीला मिक्श्चर."

माझी बायको गेली, आणि हा मला फॉस्फरस सांगतो! मी दोन दिवस त्याच्याशी बोललो नाही. त्याला ते समजलंही नाही. साडी त्याने दोरी ओढून उंच बांधली आणि रोज पेंडीत पावडर कालवायला लागला. वर आणखी शहाणपणा म्हणून अर्नाळ्याच्या किनाऱ्यावरून पिशवीभर शिंपल्या आणल्या आणि माझ्या पाट्यावर कुटून कॅल्शियम म्हणून पेंडीत घातल्या. गुरांचा डॉक्टर आला तो त्याच्यावरच ओरडला. व्यायच्या आधी वेगळं कॅल्शियम घालायचं नाही, व्यायल्यावर गाय बसेल ती उठायची नाही! हिराजीचं तोंड एवढंसं झालं. मग गव्हाणीपुढे उकिडवा बसून पेंडीतली शिंपल्यांची कच बोटांनी वेचत बसला. मी खाटेवर बसून मजा बघितली. खोटं कशाला बोलू.

पण गोदीने भिंत चाटायचं सोडलं. कापडाकडे बघेना. हिराजी खूश, आणि मी मनातून खट्टू. म्हणजे खरंच आठवण नव्हती.

गणपती गेल्यावर एका सकाळी गोदी व्याली. पाडी. हिराजी धावत आला आणि लागलीच कासेखाली तांब्या धरून बसला.

"थांब," मी म्हटलं. "गायीची वार पडल्याबिगर चीक द्यायचा नाही. आमच्यात असंच आहे."

"तुमच्यात असंल. तिच्यात नाय." त्याने पाडीकडे मान केली. "तिला आता पायजे."

"गाय माझी आहे!"

"गाय वयनीची हाय," म्हणाला आणि धार काढायला लागला. तो पहिल्या दुधाचा पिवळाधमक चीक त्याने आधी बोटावर घेऊन चाखला, हे सांगायला नकोच. मग पाडीला पाजला. पाडी उठली, तोंडावर पडली, परत उठली. मागचे पाय थरथरले. आम्ही दोघं सावरायला हात पुढे करून. राहिली. उभी राहिली, आणि अडखळत आईच्या कासेकडे गेली.

दुसऱ्या दिवशी हिराजी आला तेव्हा गोदी मान उंच करून उभी होती. नाक त्या साडीला लावलेलं.

"घे," मी म्हटलं. "तुझा फॉस्फरस संपला."

त्याने गव्हाणीतलं चाखलं. परत चाखलं. मग साडीचा पदर हातात घेऊन बघितला. कोरडा होता. गोदी चावत नव्हती, नुसती वास घेत उभी होती.

"मिक्श्चर बराबर हाय," तो म्हणाला. मग दोरीची गाठ सोडली आणि साडी गोदीच्या तोंडाला येईल इतकी खाली बांधली.

मी चहा टाकला. हिराजीने एक घोट घेतला आणि डोळे मिटले.

"बोल," मी म्हटलं, "यात काय कमी आहे?"

"काय नाय," म्हणाला, आणि कप रिकामा केला.

साखर घालायची मी विसरलो होतो, ते माझा कप तोंडाला लावल्यावर मला समजलं.