अप्पांचे हलाल शेअर

कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, गळ्यात लिंग, आणि प्रश्न असा : "सर, ही कंपनी हलाल हाय का?"

अख्ख्या धारूरमध्ये असं विचारणारे एकच गृहस्थ, आमच्या गल्लीतले किराणा दुकानदार बसलिंगअप्पा. शेअरचं खूळ नुकतंच तालुक्यापर्यंत पोचलं होतं. मी कॉलेजात कॉमर्स शिकवायचो, म्हणून गावाने मला जाणकार ठरवलं होतं. मीही कुणाचा गैरसमज दूर केला नाही.

हलालचं प्रकरण मुळात हबीबभाईंचं. अप्पांच्या शेजारी त्यांचं लोखंडी सामानाचं दुकान. तीस वर्षांची दोस्ती. शेअर घेतले तेही जोडीनं, पण हबीबभाईंना दारू आणि व्याजाचा धंदा वर्ज्य, म्हणून अप्पांनी बँकेचे घेतले आणि हबीबभाईंनी सिमेंटचे. मुलाकडे कुवेतला जाताना त्यांनी आपले शेअर, विक्रीच्या कागदांवर सह्या करून, अप्पांच्या हवाली केले. झालं! अप्पा मौलवींपेक्षा कडक झाले. हबीबभाईंकडच्या एका बिस्किटाच्या कंपनीवर तर त्यांनी महिनाभर डूख धरला.

"मैदा दारूवानी फसफसवत्यात म्हणं. कावून फसफसवत्यात, सांगा!"

मला कुठे माहीत होतं!

आणि मग आखातात पुन्हा लढाई पेटली. इराकवर बॉम्ब पडू लागले, हबीबभाईंचे फोन बंद झाले. अप्पांचा हिशेब सरळ होता : लढाई मुसलमान मुलखात, म्हणजे हबीबचे शेअर पडणार, आपली बँक टिकणार. प्रत्यक्षात बँक आपटली आणि हबीबभाईंचं सिमेंट चढलं.

"लढाई तिकडं, माजी बँक कावून पडली?"

मी परकी गुंतवणूक, तेलाचे भाव वगैरे सांगितलं.

"मग सिमेंटाला ऐकू आलं न्हाई का?"

दुसऱ्या दिवशी सिमेंट पडलं, बँक सावरली. तिसऱ्या दिवशी दोन्ही पडली. माझ्या पुस्तकात यातलं काहीच नव्हतं. अप्पांनी वैतागून आपली बँक विकून टाकली.

"हबीबभाईंचेही विका," मी म्हणालो. "सह्या आहेतच. रोज नुकसान होतंय त्यांचं."

"इकायचे न्हाईत."

"अहो, ते आले की रोख पैसे द्या हातात!"

अप्पांनी तराजू पुसायला घेतला. मग हळूच म्हणाले, "सर, माणूस येनार असला तर त्याची अमानत कुनी इकतं का? इकली म्हंजी मीच मनात धरलं, का हबीब आता येत न्हाई."

माझं कॉमर्स तिथंच संपलं. गल्लीत अप्पांना 'अरे बसल्या' म्हणणारं हबीबभाईंखेरीज दुसरं कुणी उरलं नव्हतं, हे मला तेव्हा उमगलं आणि फार वाईट वाटलं.

"तुमी शिकल्याले," ते म्हणाले. "इराकापासून कुवेत लांब हाय ना?"

दोन्ही देशांची हद्द एकमेकांना लागून आहे, एवढं मात्र मला पक्कं माहीत होतं.

"लई लांब," मी म्हणालो.

"मलाबी तसंच वाटतंय," अप्पा म्हणाले, आणि त्यांनी उपरण्याने डोळे पुसले.