डावी बाही

नीनाच्या ब्लाउजला एकच बाही होती.

ब्लाउज वांगी रंगाचा, नारायणपेठीवरचा, खास पुण्याहून शिवून लंडनला आणलेला. दुपारी वेम्बलीच्या हॉलमध्ये पुतणीचा साखरपुडा, आणि इस्त्रीसाठी घडी उलगडली तर डावी बाही गायब. हॉस्पिटलच्या लॅबमध्ये उमेदीची वर्षं काढलेल्या नीनाने खिडकीशी जाऊन खांदा निरखला. कापड फाटलं नव्हतं, कुरतडलंही नव्हतं. टाके एकेक करून, हलक्या हाताने काढले होते. घरात असा हात एकाचाच होता, आणि तिचे यजमान, निवृत्त सर्जन शशिधर, या घडीला ईलिंगच्या स्पोर्ट्स सेंटरमध्ये बॅडमिंटनची मॅच खेळत होते. फोन उचलत नव्हते.

गेले काही आठवडे त्यांचं काहीतरी बिनसलंच होतं. अर्धी पोळी खाऊन पानावरून उठत. उसासे टाकत. 'लॉफ्ट आवरा' म्हटल्यावर वाद न घालता शिडी घेऊन आले, हे तर सर्वांत गंभीर लक्षण. नीनाने थायरॉइड, हिमोग्लोबिन, साखर, सगळं तपासून घेतलं. सगळं नॉर्मल निघालं. धीर यायच्या ऐवजी ती जास्तच गोंधळली.

तिने मैत्रिणीला, सुलक्षणाला, फोन लावला. सुलक्षणा आणि शशिधर दर गुरुवारी लायब्ररीतल्या एका क्लासला जात. विषय, मध्ययुगातल्या प्रेमकथा.

"बाही गेली? अगं, ते नाइटचं असतं," सुलक्षणा म्हणाली.

"नाइटीचं नाही, ब्लाउजचं म्हणतेय मी."

"नाइट गं, घोड्यावरचा सरदार. लढाईला जाताना प्रेयसीची बाही बांधून जातो. तिच्यासाठी झुरतो, अन्न गोड लागत नाही, ती सांगेल ते मुकाट्याने करतो."

नीनाला लॉफ्ट आठवला. लक्षणं तंतोतंत जुळत होती. या वयात तिचे कान गरम झाले.

"म्हणजे प्रेयसी मी?"

"छे, बायको चालतच नाही. मेन रूल आहे तो. प्रेयसी कायम दुसऱ्याची बायको असते."

"मग बाही माझी का?"

सुलक्षणाने जरा विचार केला. "प्रॅक्टिसला नेली असेल."

नीना पलंगाच्या कडेवर बसली. "क्लासमध्ये हे कोणाशेजारी बसतात?"

"माझ्या," सुलक्षणा म्हणाली. "नीना, माझ्याकडे असं बघू नकोस."

"मी फोनवर आहे, सुलक्षणा."

तेवढ्यात खाली दारात किल्ली फिरली. नीना फोन ठेवून जिना उतरली. शशिधर आत आले. पांढऱ्या टी-शर्टवर, दंडाला, वांगी रंगाची बाही घट्ट बांधलेली.

"हरलो," ते म्हणाले. "पहिल्याच राउंडला."

"कोण आहे ती?"

"सांगता येत नाही. गुप्तता पाळावी लागते. तिच्या नवऱ्याला कळता कामा नये."

नीनाचा आवाज अगदी बारीक झाला. "कोण आहे तिचा नवरा?"

शशिधरांनी बूट काढले, जोडीने नीट ठेवले. "मीच."

ते दंडावरची गाठ सोडू लागले.

"शिकवणाऱ्या बाईंना विचारलं मी, स्वतःची बायको चालेल का. त्या नाही म्हणाल्या. मग मीच तोडगा काढला. तुला एक नवरा आहे. कप सिंकमध्ये टाकून जातो. तू बोलायला लागलीस की पेपर वर धरतो. इतकी वर्षं बघतोय मी त्याला, तो काही तुझ्या लायकीचा नाही. म्हटलं, त्याच्या नकळत जमतंय का बघू."

नीनाने त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता.

"आणि सुलक्षणाशेजारी का बसता?"

"नारळाच्या वड्या आणते ती. घरी झुरायचं म्हटल्यावर कुठेतरी खायला नको?"

हे कुठल्या रकान्यात बसवावं ते नीनाला कळेना. मग तिने ब्लाउज त्यांच्या हातात दिला. "बाही जोडून द्या."

नाइटला नाही म्हणायची सोय नसते. शशिधरांनी बाही धुतली, हेअरड्रायरने वाळवली आणि चष्मा लावून खिडकीत बसले. टाके असे बारीक नि एकसारखे की पुण्याच्या शिंप्याने तोंडात बोट घालावं. नीनाने कौतुकाने हात आत घातला. हात खांद्यापाशीच अडला. बाही बाहेरून झकास जोडली होती. आत, हात जायची जागा मात्र टाके घालून कायमची बुजवली होती.

"उघडं दिसलं," शशिधर ओशाळून म्हणाले. "सवयीने बंद केलं."

त्यांनी मुकाट्याने पुन्हा कात्री घेतली. नीनाने घड्याळाकडे पाहिलं, मग ब्लाउजवर वाकलेल्या त्या टकलाकडे. रागवायला हवं होतं, पण या माणसावर की त्या नवऱ्यावर, हेच ठरेना. अखेर तिने खुर्ची ओढली आणि शेजारी बसली.

"सावकाश काढा," ती हळूच म्हणाली. "आमचे हे घरी नाहीत."