नानांची न तापणारी गाडी

ऐन मे महिन्यात, शिंदखेड्यात, 'गाडी तापत नाही' म्हणून हळहळणारा माणूस तुम्ही पाहिलाय? माझ्या शेजारी राहतो.

आमच्याकडे बोनेट उघडून वाफ सोडणारे रस्तोरस्ती भेटतात. नाना मात्र रोज सकाळी रेडिएटरच्या वरच्या नळीला हात लावून उभे. मी दिसलो की हाक यायचीच, "मास्तर, हात लाई देखा. चालू करताच कोमट, आन् अर्धा तासमा बी कोमटच! थर्मोस्टॅट उघडाच अडकेल शे. पानी सारखं फिरस, इंजिन तापी कसं? आन् इंजिन नही तापनं तर हीटर कसा चाली?"

"हीटर?" मी पोट धरून हसलो. "नाना, गाडीत पापड वाळवायचेत का?"

"तुम्ही हासा. माले शनवारपर्यंत हीटर पायजे म्हंजे पायजे."

शेवटी बापू मिस्तरीकडे गेलो. त्यानं झाकण खोललं. आत थर्मोस्टॅटच नाही!

"तो तं मी मागला उन्हायामाच काढी फेका, नाना," बापू आरामात म्हणाला. "बठ्ठ्या गाड्यास्नाच काढस मी. आपला उन्हमा काय काम तेनं?"

पंधरा दिवस ज्याची नाडी बघितली तो पेशंट जागेवरच नव्हता! मी आणि बापू हसून हसून बेजार. नाना हसले नाहीत. तडक एसटीनं धुळ्याला जाऊन नवा थर्मोस्टॅट घेऊन आले, तो दोऱ्याला बांधून चहाच्या पातेल्यात उकळत्या पाण्यात सोडला आणि झडप उघडताच ओरडले, "उघडना! उघडना!" मगच बापूला बसवू दिला.

शनिवारी मलाही धुळ्यात काम होतं. नानांनी गाडीत घेतलं. अक्कांचं, म्हणजे नानांच्या बायकोचं, आठवड्यातून दोनदा तिथे डायलिसिस असतं, हे मला ठाऊक होतं. दुपारी दवाखान्यातून त्या बाहेर आल्या त्या डायलिसिसनंतरच्या थंडीनं शालीत गुरफटून, दात वाजवत. बाहेर नुसती आग ओतत होती. नानांनी त्यांना पुढे बसवलं, काचा चढवल्या आणि हीटर लावला.

पाच मिनिटांत माझी भाजी झाली. नानांच्या नाकावरून घाम टपटपत होता. परतीच्या वाटेवरचं सोनगीर यायच्या आत अक्कांची थरथर थांबली, मान कलली, डोळा लागला.

"दर टायमाले घर येवापर्यंत कुडकुडस," नाना हळूच म्हणाले. "एक शब्द बोलत नही. माले देखावत नही, मास्तर."

मला माझी भयंकर लाज वाटली. मागची काच मी गुपचूप चार बोटं खाली केली होती. ती वर केली.