सुखदेव मिस्त्रीची थापी

सुखदेव मिस्त्री कामावर येत नाही. त्याची थापी येते.

पहिल्या दिवशी तो स्वतः येतो, नाही असं नाही. भिंतीवर बोटांनी टकटक करतो, तोंड वाकडं करतो, दोन कप चहा पितो आणि जाताना आपली लोखंडी थापी खिडकीत ठेवून निघून जातो. मग महिनाभर तुमच्या घरात सिमेंट लावायचं हत्यार असतं, ते लावणारा माणूस नसतो. आमच्या नाचणगावात आणि शेजारच्या पुलगावात मिस्त्री लोकांचा एक अलिखित कायदा आहे. ज्या घरात एकाची थापी पडली, त्या कामाला दुसऱ्यानं हात लावायचा नाही. कुण्या भल्या माणसानं भांडणं टाळायला तो केला असेल. सुखदेवनं त्याचा धंदा केला. मिस्त्रीला एक थापी पुरते. याच्याकडे नऊ आहेत आणि नऊही कुणाकुणाच्या खिडकीत गंजत पडलेल्या आहेत.

मी सरकारी कचेरीतून निवृत्त झालेला अव्वल कारकून. बत्तीस वर्षं टेबलापलीकडच्या लोकांना 'उद्या या' असं सांगण्यात गेली. ते ऐकून घेणाऱ्याला कसं वाटतं, हे मला साठीनंतर कळलं आणि अजिबात आवडलं नाही.

घर वडिलांच्या हातचं. गिरणीतल्या पगारावर त्यांनी विटा जमवल्या, छपरावर कवेलू घातले आणि त्या काळच्या रीतीनं संडास मागच्या अंगणात, तीन पायऱ्या उतरून बांधला. त्याच पायऱ्यांवरून पावसाळ्याच्या शेवटी हिचा पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. हिचं म्हणजे निर्मलेचं, माझ्या बायकोचं. वर्ध्याला ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सांगितलं, पायऱ्या बंद, उकिडवं बसणं बंद, घरातच कमोड पाहिजे आणि शेजारी धरायला दांडी पाहिजे. आमची मुलगी कविता नागपूरला असते, तिसऱ्या मजल्यावर. तिनं मला फोनवर बजावलं, "बाबा, दवाखान्यातून सुट्टी मिळेपर्यंत बाथरूम झालं नाही, तर आईला मी माझ्याकडे नेणार. आणि मग ती परत येईल, असं समजू नका."

हिला तिसऱ्या मजल्यावर जायचं नव्हतं. आणि हिच्याशिवाय त्या घरात मी काय करणार होतो? मला साधा गॅसचा नंबर लावता येत नाही. मी खरोखर घाबरलो होतो.

त्या घाबरलेल्या अवस्थेत मी सुखदेवला बोलावलं, ही माझी चूक. स्वयंपाकघराला लागून आमची धान्याची कोठी होती, तिथं बाथरूम काढायचं ठरलं. तो आला. भिंतीवर टकटक करून म्हणाला, "जयभीम सायेब. कोन्या गाढवानं केली हे छपाई?"

"हे प्लास्टर तूच केलंस, सुखदेव. पंधरा वर्षं झाली."

त्यानं भिंतीकडे पुन्हा एकदा नीट पाहिलं. "मंग रेती खराब आनली असन तुम्ही," तो म्हणाला.

"दहा दिवसांत झालं पाहिजे," मी म्हणालो.

"होऊन जाते."

हे त्याचं आवडतं वाक्य. यात कोण करणार, कधी करणार, यातलं काही नसतं. काम जणू आपलं आपणच होणार असतं आणि त्यानं फक्त तसा निरोप आणलेला असतो. चहा झाला. थापी खिडकीत बसली. सुखदेव गेला.

चार दिवस वाट पाहून मी दुसरा माणूस शोधला. देवळीचा एक ठेकेदार पांढरे बूट घालून मोटारसायकलवर आला. त्याला कपबशी दिली, एवढ्यात त्याची नजर खिडकीत गेली.

"हे थापी कोनाची?"

"सुखदेवची."

"मंग मले काऊन बलावलं?" असं म्हणून तो अर्धा चहा सोडून उठला. जाताना माझ्याकडे असं बघत होता, जणू मी लग्न झालेल्या पोरीसाठी स्थळ पाहायला बोलावलं होतं. पुढच्या वेळी मी शहाणपणा केला आणि थापी गव्हाच्या डब्यात लपवली. पुलगावचा एक तरुण मिस्त्री आला, मोबाइलवर मापं घेतली, भिंतीचे फोटो काढले, अर्धा तास 'वॉटरप्रूफिंग' या विषयावर भाषण दिलं आणि गेला. त्याचा फोन अजून बंद आहे. मला माणूस शोधायचा होता, सगळीकडून नमुने मिळत होते.

शेवटी पुन्हा सुखदेवला फोन लावला.

"सायेब, जामच्या चौकात अडकलो हो. टरकाची लाइन लागली हे एवढी!"

फोनमध्ये तो 'एवढी' म्हणाला आणि तेच 'एवढी' आमच्या कंपाउंडच्या भिंतीपलीकडून ऐकू आलं. मी फोन कानाला तसाच धरून भिंतीवरून डोकावलो. शेजारच्या ओट्यावर बसून हा बशीतून चहा पीत होता. मला पाहून जराही गडबडला नाही. फोनमध्येच म्हणाला, "आता सुटली पाहा लाइन. पोचतोच."

मागे प्लास्टरच्या वेळी तर एकदा माझ्याच घरी, माझ्याच सिमेंटच्या पोत्यावर बसून त्यानं कुणाला तरी फोनवर सांगितलं, "मी कारंज्याले मयतीले गेलतो, आता गाडीत बसून राह्यलो." मी समोर उभा होतो. त्यानं मला बोटानं गप्प राहायची खूण केली. आणि सांगायला लाज वाटते, मी राहिलो.

शेजारच्या ओट्यावर त्याला पाहिलं, त्या दिवशी मात्र माझा तोल गेला. भिंतीवरूनच मी त्याला नाही नाही ते बोललो. तू मिस्त्री नाहीस, थाप्या पेरणारा माणूस आहेस, म्हणालो. शुक्रवारी हिला दवाखान्यातून सोडणार आहेत आणि तुझ्यापायी माझी बायको नागपूरला चालली, म्हणालो.

"काय झालं बाईले?" त्यानं विचारलं. पहिल्या दिवशी मी सगळं सांगितलं होतं. तेव्हा त्याचं लक्ष बिस्किटात होतं.

"खुबा मोडला. उठता-बसता येत नाही."

त्यानं बशी खाली ठेवली आणि निघून गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता माझ्या दारात उभा. सलग चार दिवस त्यानं काम केलं. फरशी खडबडीत घेतली, उंबरठा फोडून सपाट केला, कमोड बसवला, पाणी सोडून उतार तीनदा पाहिला. त्याचा फोन वाजत राहायचा, तो बघायचासुद्धा नाही. मी कविताला अभिमानानं सांगितलं, की या लोकांना असंच फैलावर घ्यावं लागतं, तुझ्या बापानं बत्तीस वर्षं कचेरी सांभाळली आहे.

गुरुवारी संध्याकाळी फक्त दांडी राहिली होती. बाजारातून आणलेली, पिशवीतली, चकचकीत. मी इंटरनेटवर उंची पाहून भिंतीवर पेन्सिलची खूणही करून ठेवली होती.

"दांडी बाई आल्यावर," सुखदेव म्हणाला.

"आल्यावर काय? आत्ता लाव! दोन भोकं पाडायची आहेत!"

"आधी बाईले येऊ द्या."

मी काय ओळखायचं ते ओळखलं. सगळं काम करायचं आणि शेवटचं एक तेवढं अडवून ठेवायचं. मी ओरडलो, विनवण्या केल्या, पुन्हा ओरडलो. तो हात धुऊन निघून गेला.

शुक्रवारी दुपारी कविता आईला घेऊन आली. ही वॉकर धरून दारात टेकली. कविता सरळ आत गेली, बाथरूम पाहिलं आणि बाहेर आली.

"दांडी कुठे आहे, बाबा?"

मी मिस्त्रीच्या सात पिढ्यांचा उद्धार सुरू केला. ती ऐकायला थांबली नाही. "आई, बसू नकोस. बॅग गाडीतच आहे. आपण निघू." हिनं माझ्याकडे पाहिलं.

तेवढ्यात मागच्या दारानं सुखदेव आला. खांद्यावर ड्रिल मशीन. माझ्याकडे त्यानं ढुंकूनही पाहिलं नाही.

"बाई, जरा आत चाला. झाकनावर बसा. बेटा, तू धर त्यायले." ही बसली. तो तिच्यासमोर फरशीवर उकिडवा बसला. "आता डोये लावा. दांडी हे, असं समजा. अन् उठा. हात जाते तिथं जाऊ द्या."

हिनं डोळे मिटले. उठताना तिचा हात भिंतीवर गेला, माझ्या पेन्सिलच्या खुणेच्या चांगला वीतभर खाली. सुखदेवनं तिथं रेघ मारली. तिला आणखी दोनदा उठवलं. दोन्ही वेळा हात तिथंच गेला.

"तुमाले कसं समजलं हे?" हिनं विचारलं.

"माह्या घरी लावलती न." तो भिंतीकडंच बघत होता. "माह्या बायकोचे, लक्ष्मीचे गुडघे गेलते. लोखंडी पाइपाची दांडी केली, वरून निया रंग देल्ला. मले वाटलं, झालं काम. तीन वर्सांनी ती वारली. मंग एक दिवस सहज पाह्यलं, त रंग जसाच्या तसा. एक टवका उडला नाई. हातच पोचत नोहता तिचा. बालटी धरून उठत असन ती."

मला माझ्या कालच्या सगळ्या शब्दांची लाज वाटली.

"मंग तिनं सांगतलं काऊन नाई तुमाले?" हिनं हळूच विचारलं.

"मी लय खूश होतो न बाई, ते लावून."

त्यानं ड्रिल चालू केलं. आवाज एवढा मोठा होता, की तो थांबेपर्यंत कुणाला बोलायची सोयच नव्हती. कविता थोडा वेळ दारात उभी राहिली, मग बाहेर गेली आणि गाडीतली बॅग उचलून घरात घेऊन आली.