झुंबर अस्वलाचं बिनकिल्लीचं कुलूप

एका जंगलात, मुलांनो, एकही कुलूप नव्हतं. दारंच नव्हती, तर कुलूप लावणार कशाला? गुहा उघड्या, बिळं उघडी, घरटी तर वरूनही उघडी. जंगलातल्या सगळ्यांना याचा फार अभिमान होता. परक्या रानातला एखादा ससा पाहुणा आला, की त्याला आधी हेच ऐकवत. ते ऐकता ऐकता त्याचं गाजर कुणीतरी उचललेलं असायचं, पण तो भाग वेगळा.

त्या जंगलात झुंबर नावाचं एक अस्वल राहत होतं. झुंबर इलेक्ट्रिक गिटार वाजवायचा. आता तुम्ही विचाराल, जंगलात वीज कुठून आली? काजव्यांकडून. काजवे संध्याकाळी येत. मनात असलं तर वीज देत, नसलं तर 'वरूनच बंद आहे' असं सांगून निघून जात. तुमच्याकडेही थोडंफार असंच चालत असेल, तेव्हा इथे अडू नका.

झुंबर वाजवायचा छान. पण त्याला एक दुःख होतं. गिटारीचा पट्टा खुंटीवरून सारखा निसटायचा. चामड्याच्या पट्ट्याला भोक आणि भोकात गिटारीची खुंटी, एवढ्यावरच सगळा भरवसा. ते भोक वापरून वापरून ऐसपैस झालं होतं. झुंबर जरा रंगात आला, की पट्टा सुटायचा आणि गिटार खाली निघायची. एकदा त्याने ती गुडघ्यावर झेलली. एकदा शेपटीने झेलायला गेला, तेव्हा त्याच्या लक्षात आलं की अस्वलाला झेलण्याजोगी शेपटीच नसते.

तेव्हापासून तो एक कोपर गिटारीवर दाबून, जपून जपून वाजवायचा. आणि त्याची इच्छा तर अगदी उलटी होती. वाघमहाराजांच्या वाढदिवसाला शेवटच्या गाण्यात त्याला एक उंच उडी मारायची होती. कोपर मोकळं सोडून, गिटार वाजवत वाजवत. अस्वलाने उड्या माराव्यात का, हा प्रश्न तुमच्या मनात येईल. झुंबरच्या मनात तो कधी आला नाही.

शेवटी शहरात येऊन-जाऊन असणाऱ्या एका कावळ्याने त्याला एक पुडी आणून दिली. पुडीत दोन चकचकीत खुंट्या होत्या, त्यांवर खटकन बसणाऱ्या दोन टोप्या होत्या, टोप्यांना आवळायचे दोन नट होते आणि आवळायला एक छोटासा पाना होता.

"याला स्ट्रॅप लॉक म्हणतात," कावळा म्हणाला. "म्हणजे पट्ट्याचं कुलूप."

एवढं भाषांतर करून कावळा उडून गेला. भाषांतर करणारे पुढे काय होतं ते बघायला थांबत नाहीत.

झुंबरने टोके मिस्त्रींना बोलावलं. मिस्त्री म्हणजे सुतारपक्षी. त्यांनी जुन्या खुंट्या काढल्या आणि हौसेने जरा जास्तच टोचून ठेवलं. नवा स्क्रू भोकात डुगडुगायला लागला. झुंबरने भोक बुजवायला सांगितलं, तर मिस्त्रींना रागच आला. भोक बुजवणं आमच्या घराण्यात बसत नाही, असं म्हणून ते फांदीवर जाऊन बसले. मग झुंबरने स्वतःच भोकात बारीक काड्या आणि बाभळीचा डिंक भरला, नीट वाळू दिला आणि स्क्रू पिळला. आता तो घट्ट बसला. टोप्या पट्ट्याच्या भोकांत घालून त्याने नट आवळले आणि खुंट्यांवर दाबल्या. खटक, खटक. पट्टा धरून त्याने गिटार आंब्याच्या फांदीला टांगली आणि झोका दिला. गिटार पडली नाही.

"चामडं दबतं बरं का," मिस्त्री वरून म्हणाले. "थोड्या दिवसांनी नट सैल पडेल. पुन्हा आवळ."

झुंबरला इतका आनंद झाला होता की दिसेल त्याला तो सांगत सुटला, मी गिटारीला कुलूप लावलं. इथे, मुलांनो, त्याचं चुकलं. लावलं ते ठीक होतं. सांगायला नको होतं.

शेजारच्या जांभळीवर सोनाक्का माकडीण राहायची. झुंबरच्या घरातला मध संपला, हे झुंबरच्या आधी तिला कळायचं. ती डोळ्यांना शेपटी लावूनच खाली उतरली.

"झुंबऱ्या, कुलूप लावलंस म्हणे."

"हो आक्का. पडू नये म्हणून."

"पडू नये म्हणून कुणी कुलूप लावतं का रे? कुलूप चोरासाठी लावतात. इथं चोर कोण आहे? नाव घे."

झुंबरला नाव घेता येईना. आठवत नव्हतं असं नाही, पण ते नाव समोरच बसून रडत होतं. बघता बघता सगळी माकडं दुखावली. मग कोल्हे दुखावले, मग उंदीर. ज्याने आयुष्यात जितकं जास्त उचललं होतं, तो तितका जास्त दुखावला. पिढ्यान्‌पिढ्यांचा विश्वास एका अस्वलाने घालवला, असं जो तो म्हणायला लागला, आणि प्रकरण दरबारात गेलं.

वाघमहाराजांनी एकच विचारलं, किल्ली कुठे आहे? झुंबर म्हणाला, याला किल्ली नसते. कुलूप ही वाईट गोष्ट खरी, पण बिनकिल्लीचं कुलूप म्हणजे त्याहून काहीतरी भयंकर, असं सगळ्यांचं मत पडलं. झुंबरने खुंटी, टोपी, चामडं सगळं समजावून सांगितलं. महाराजांनी ते डोळे मिटून, संथ श्वास घेत ऐकलं. जाग आल्यावर ते म्हणाले, किल्ली जमा कर, नाहीतर वाढदिवसाला तुझी गिटार नको.

झुंबरला उडी दिसत होती. त्याने पुडीतला छोटा पाना काढून महाराजांपुढे ठेवला. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. पूर्वी गडावर किल्लेदार असत, तशी सोनाक्काची किल्लीदार म्हणून नेमणूक झाली. तिने तो पाना राखेने घासला, वेलीत ओवला आणि गळ्यात घातला. आता विश्वास परत बसला होता.

पुढे व्हायचं तेच झालं. चामडं दबलं. वाढदिवसाच्या सकाळी झुंबरने पट्टा चाचपला, तर नट हलत होता. बोटांनी आवळायला गेला, पण अस्वलाची बोटं ती, नट एवढासा. तो धावत जांभळीखाली गेला.

"आक्का, तेवढी किल्ली द्या."

"काय उघडायचंय?"

"उघडायचं नाही. आवळायचंय."

"किल्लीनं कुलूप उघडतात, झुंबऱ्या. आवळतात म्हणजे काय?"

"तुम्ही नुसती द्या हो. लगेच आणून देतो."

"मागेल त्याला किल्ली दिली, तर कुलपाला अर्थ काय राहिला?"

सोनाक्का वाईट नव्हती. तिने महाराजांची परवानगी आणायला सांगितली, आणि महाराज तर वाढदिवसाची झोप घेत होते. झुंबरचा चेहरा बघून तिला कणव आली. तिने त्याला द्रोणभर मध दिला. मध झुंबरचाच होता.

संध्याकाळी झुंबर मंचावर आला तो कोपर दाबूनच. आज उडी नाही, असं त्याने मनाला बजावलं होतं. पण काजवे त्या दिवशी खुशीत होते. वीज अशी आली की पहिल्या सुरालाच हरणं उठून उभी राहिली. शेवटचं गाणं सुरू झालं. हत्तींनी ठेका धरला. झुंबर कोपर विसरला, नट विसरला आणि त्याने उडी मारली.

काय उडी होती! एवढं जाड अंग, पण वर गेलं. क्षणभर झुंबर हवेत होता, गिटार त्याच्या गळ्यात होती आणि तिला कुणीच दाबून धरलं नव्हतं. त्या क्षणी त्याच्याएवढं सुखी त्या जंगलात कुणी नव्हतं.

मग नट उडाला. पट्टा सुटला. गिटार दगडावर आपटली, कोपऱ्याचा ढलपा निघाला आणि वरची एक तारखुंटी वाकली.

जागच्या जागी चौकशी झाली. सोनाक्काने गळ्यातली किल्ली वर करून दाखवली. गिटार तपासली, तर टोपी खुंटीवर अजून घट्ट बसलेली. दोन रानरेड्यांनी ओढली तरी हलेना.

"कुलूप बंद आहे," वाघमहाराज म्हणाले. "किल्ली जागेवर आहे. म्हणजे गिटारही जागेवरच आहे. वाजव."

आता जी पडलीच नाही, ती मोडेल कशी? झुंबरने गिटार उचलून मांडीवर घेतली आणि वाजवली. वाकलेल्या तारखुंटीची तार भलतंच ओरडत होती. तरसांनी ही नवीन चाल म्हणून टाळ्या दिल्या. झुंबरच्या डोळ्यांत पाणी आलं, ते लोकांनी आनंदाचं धरलं. गिटार पोटाशी धरून तो घरी गेला.

बरेच दिवस तो दुरुस्तीतच होता. त्याने ढलपा डिंकाने चिकटवला, तारखुंटी सरळ केली, हरवलेला नट गवतातून शोधून काढला. कावळा आला तेव्हा त्याच्याकडून दुसरा पाना मागवला, आणि या वेळी याला काय म्हणतात ते अजिबात सांगू नको, अशी अट घातली. नट करकचून आवळून तो दरबारात गेला.

"महाराज, मी कुलूप काढून टाकलं," झुंबर म्हणाला. "आता नुसतं बक्कल लावलंय."

दरबाराला गहिवरून आलं. बक्कलाबद्दल कुणाची काय तक्रार असणार? सोनाक्काने त्याला मिठी मारली आणि ती म्हणाली, हे आधीच केलं असतंस तर एवढं रामायण झालं नसतं. वस्तू तीच होती, खटक असा आवाजही तोच होता. नव्या पान्याला तो चमचा म्हणतो आणि मधाच्या भांड्याशेजारी ठेवतो. अधूनमधून नट आवळतो, आणि दर वाढदिवसाला उडी मारतो.

सोनाक्का अजून किल्लीदार आहे. किल्ली रोज राखेने घासावी लागते, त्यामुळे हाताखाली एक माणूस द्या, असा तिचा अर्ज दरबारात पडून आहे. परका ससा पाहुणा आला, की त्याला आता सांगतात, आमच्या जंगलात एकही कुलूप नाही, पण किल्ली मात्र आम्ही नीट सांभाळतो.

तात्पर्य : कुठलीही वस्तू घट्ट बसवायची असेल, तर आधी तिचं नाव जरा सैल करून घ्यावं.