डॉक्टरांच्या पुस्तकाची खळ

बाइंडरने औषधाचा पेला कामाच्या टेबलावरच ठेवायचं ठरवलं. एवढंच ठरवलं बिचाऱ्याने. बाकीचं आपोआप झालं.

त्याचं कोलेस्टेरॉल वाढलं होतं. डॉक्टर म्हणाले, "गोळ्यांआधी रोज इसबगोल घेऊन बघू. त्यातला चिकट तंतू कोलेस्टेरॉलला धरून बाहेर काढतो." (चिकटपणावर बाइंडरची जन्मभराची श्रद्धा. त्याला लगेच पटलं.) जाता जाता डॉक्टरांनी आपलं जाडजूड हृदयरोगाचं पुस्तक बांधायला दिलं.

बायको रोज सकाळी पाण्यात इसबगोल ढवळून पेला टेबलावर ठेवी. शेजारी मैद्याची खळ, तीही त्याच सेटमधल्या पेल्यात. बाइंडरची तऱ्हा अशी, की काम हातात घेतलं की मान वर नाही. तोवर इसबगोल फुगून घट्ट होई. मग एक हात ब्रशकडे जाई, दुसरा तोंडाकडे.

"हल्ली सहज उतरतं गं घशाखाली," तो एकदा म्हणाला. "चवही सुधारलीय."

"मी आता जास्त वेळ ढवळते ना," ती खुलून म्हणाली.

नवा रिपोर्ट आला. कोलेस्टेरॉल जागचं हललं नव्हतं. दवाखान्यात बायकोच्या डोळ्यांत पाणीच आलं. "डॉक्टर, एक दिवस चुकवला नाही हो! माझ्या डोळ्यांदेखत पेला रिकामा करतात. यांना काही झालं तर मी काय करू?"

"घाबरू नका वहिनी, पुस्तकात बघू," म्हणत डॉक्टरांनी नुकतंच बांधून आलेलं पुस्तक उघडलं. पुठ्ठा त्यांच्या हातात राहिला आणि हृदयरोग खोलीभर पसरला.

डॉक्टरांनी पुस्तकाच्या पाठीवर बोट फिरवलं. "ही कसली खळ?"

बायकोने वाकून पाहिलं, वाळका पापुद्रा नखाने सोलला. "अगंबाई! हे तर माझं इसबगोल!"

"मग हे काय प्यायले?"

तिघांनाही एकदमच कळलं. डॉक्टर खुर्चीत बसून पोट धरून हसले, मग डोळे पुसत म्हणाले, "पहिल्यापासून सुरू करा. आणि वहिनी, पेला यांच्या हातात द्या."

घरी जाताना बायकोने त्याचा हात धरला होता, तो रस्ताभर सोडला नाही. दारापाशी मात्र ती थांबली.

"एक सांगा. चव सुधारलीय म्हणालात, ती कुठल्या पेल्याची?"

बाइंडरचं तोंड घट्ट चिकटलं. खळीचा गुण आला तो एवढाच.