सबनीसकाकांची पाटी

आमच्या पार्ल्याच्या चाळीत कोणाचीही दाढ काढली, की सबनीसकाका ऑफिसातून रजा घेत. अर्जात कारण स्पष्ट लिहीत, 'शेजाऱ्याची दाढ.' साहेबांनी पहिल्यांदा अर्ज परत पाठवला, दुसऱ्यांदा खुलासा मागवला आणि तिसऱ्यांदा मुकाट्याने सही केली. काकांशी हुज्जत घालणाऱ्या सगळ्यांचं शेवटी असंच होई.

माझी अक्कलदाढ काढली त्या दुपारी ते पाटी-पेन्सिल काखोटीला मारून आले. पाटी माझ्यासाठी. "बोलायचं नाही, लिहायचं. आज चूळ नाही, विडी नाही. खड्ड्यात रक्ताची गुठळी धरते, तेच जखमेचं झाकण. जखमेला एकटं राहू दे रे." हे शेवटचं वाक्य दर दहा मिनिटांनी. मी चोरून जिभेने जागा चाचपली, तर त्यांना गालावरून कळे. "जीभ जागेवर," असा हुकूम सुटे.

संध्याकाळी ते दिवाबत्ती करायला आपल्या खोलीत गेले आणि माझ्या सवयीने घात केला. आईने चहा ठेवला होता. मी तो बशीत ओतला आणि लांब भुरका मारला. तोंड एकदम खारट झालं. कापूस भिजला, बदलला, पुन्हा भिजला. मी पाटीवर 'रक्त' लिहून आईपुढे धरलं. ती धावत जाऊन काकांना घेऊन आली.

आता बोलणी खावी लागणार, असं वाटलं. पण काकांनी बशीकडे पाहिलं आणि रागावले नाहीत. मलमलीची घट्ट घडी दाढेच्या जागी ठेवून म्हणाले, "चाव. सोडू नकोस." मग माझ्याशेजारी बसून घड्याळाकडे बघत राहिले.

"तुझ्या काकूनेही असाच भुरका मारला होता," ते हळूच म्हणाले. "सकाळी दाढ काढून तिला घरी सोडलं आणि मी ऑफिस गाठलं. तिला हाक मारायला तोंड उघडता येईना. पदर दाबून दिवसभर एकटीच बसली. मी आल्यावर रागावली पण नाही रे."

काकू पुढे बऱ्या झाल्या होत्या. गेल्या त्या तापाने, त्यालाही तीन वर्षं झाली होती. पण काकांच्या रजेचं कारण मला त्या संध्याकाळी कळलं.

अर्ध्या तासाने घडी काढली, तर रक्त थांबलेलं. इतकं हायसं वाटलं, की मी त्यांचा हातच धरला.

दुसऱ्या दिवसापासून मिठाचं कोमट पाणी सुरू झालं. "खळखळ नको. तोंडात धर आणि मान वाकवून सांडू दे." डोक्याखाली दोन उशा, जेवायला गार मऊ भात. काकाही आमच्याकडे तोच भात खात, मला सोबत म्हणून.

चौथ्या दिवशी सूज उतरली. काकांनी तोंडात डोकावून पाहिलं. "झकास. आता बोल हवं तेवढं." पाटी घेऊन ते निघाले. समोर त्यांच्या खोलीचं कुलूप दिसत होतं.

मी त्यांच्या हातून पाटी घेतली आणि लिहिलं, 'अजून थोडं दुखतंय. उद्याही जेवायला या.'

त्यांनी वाचलं, चष्मा काढून पुसला. "लबाड आहेस," म्हणाले आणि पाटी आमच्याच कोनाड्यात ठेवून घरी गेले.